पायांची झोनबंदी

डॉ. बुद्धघोष साबळे, दंतवैद्य, वय लग्नाचे, हे गृहस्थ सन १९९४ च्या पावसाळ्याअखेरीस इंदापूरहून नरसिंहपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, संध्याकाळी दवाखाना बंद केल्यानंतर, पायी चालताना आढळून आले. हातात पिशवी नव्हती. पायातल्या चपला तुटलेल्या नव्हत्या. मोटारसायकल बिघडली असावी म्हणावे, तर ती दवाखान्यासमोर स्टँडवर उभी होती आणि तिच्यात पेट्रोल होते. शेजारच्या सायकल दुकानदाराने टाकीचे झाकण उघडून तशी खात्री करून घेतली होती.

तालुक्याने चालणारी माणसे पाहिली नव्हती असे नाही. माणूस म्हशीमागे चालत असे, एसटी चुकली म्हणून चालत असे, घरी भांडून निघाला म्हणून चालत असे. नवसाचा माणूस तर अनवाणी नरसिंहपूरपर्यंत जाई आणि लोक त्याला वाटेत चहा देत. पण यातल्या प्रत्येकाला कारण होते. डॉक्टर मात्र ओढ्याच्या पुलापर्यंत जात, थोडा वेळ उभे राहून समोरच्या माळाकडे बघत आणि परत येत. पुलाखाली त्यांचे काही पडलेले नाही, हे दोघातिघांनी खाली उतरून पाहिले होते.

डॉक्टर मूळचे लोणी भापकरचे. वडील रामभाऊ आणि आई अक्काबाई यांनी जिरायतीत राबून मुलाला पुण्याला डॉक्टर व्हायला पाठवले आणि तो दातांचा डॉक्टर होऊन आला. उरलेल्या अंगाचे काय, हा प्रश्न अक्काबाईंना पडला होता, पण त्यांनी तो विचारला नाही. पुण्यात डॉक्टरांना चालण्याची सवय लागली. त्या शहरात प्रत्येक तरुणाला एक छंद असावा लागे, आणि ज्याला नसेल त्याच्याकडे लोक दयेने बघत. त्यांच्या खोलीतला एकजण आगपेट्यांची चित्रे जमवी, दुसरा जपानी शिके. डॉक्टरांनी प्रथम गिटार घेतली. वसतिगृहातल्या मुलांनी वर्गणी काढून ती त्यांच्याकडून विकत घेतली. नंतर ते नुसते चालू लागले. पुण्यात कुठे निघालात असे कोणी विचारत नाही आणि पत्ता विचारला तरी कोणी सांगत नाही, त्यामुळे माणसाला चालत राहण्याखेरीज गत्यंतर नसते. चालण्याला काही लागत नाही, असा डॉक्टरांचा समज त्या काळात झाला.

तो इंदापुरात पहिल्याच संध्याकाळी खोटा ठरला. एक मोटारसायकल शेजारी येऊन थांबली.

“कुठं निघाला, डॉक्टर?”

“कुठं नाही. असंच.”

‘असंच’ या नावाचे गाव तालुक्यात नव्हते. डॉक्टर संकोचाने खरे नाव सांगत नाहीत, असे समजून त्या माणसाने त्यांना मागे बसवले आणि आपल्या गावापर्यंत नेऊन सोडले. तिथून डॉक्टर परत चालत निघाले, तर दुसऱ्याने त्यांना बसवून इंदापुरात आणले. चालणाऱ्याला गाडीवर न घेता पुढे जाणे हा त्या भागात गुन्हा समजला जाई, आणि बोलावूनही न बसणे हा त्याहून मोठा. पुलापर्यंत चालू दिलेले एखाददुसरे दिवस सोडले, तर पुढचा महिनाभर डॉक्टर रोज फिरायला जात होते आणि जवळजवळ एकही पाऊल चालत नव्हते. ते मोटारसायकलवर बसले, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसले, दुधाच्या गाडीत किटल्यांमध्ये उभे राहिले. एका ट्रॅक्टरवाल्याने तर त्यांना लुमेवाडीला एका साखरपुड्यात नेऊन उतरवले. तिथे ते मुलाकडचे की मुलीकडचे हे कोणाला ठरवता येईना, म्हणून दोन्ही बाजूंनी त्यांना आग्रह करकरून वाढले.

गाडीवर मागे बसलेला डॉक्टर रिकामाच असतो, ही समजूत पसरायला वेळ लागला नाही. लोक गाडी चालवता चालवता मान मागे वळवून आ करू लागले. डाव्या बाजूची दाढ बघा, ठणका तिथूनच येतो, असे त्यांचे म्हणणे असे. डॉक्टरांना दाढ दिसे आणि दाढेपलीकडे समोरून येणारा उसाचा ट्रकही दिसे. पण रुग्णांना ही सोय आवडली. दवाखान्यात खुर्चीवर आडवे पडण्यापेक्षा वाऱ्यावर दात दाखवणे केव्हाही बरे, असे ते एकमेकांना सांगू लागले. दवाखाना ओस पडू लागला. डॉक्टर चालतात कारण दवाखाना चालत नाही, असे एक वाक्य एसटी स्टँडवर तयार झाले आणि त्यात तथ्य दिसू लागले.

तेव्हा डॉक्टरांनी कारण द्यायचे ठरवले. पुढच्या माणसाला त्यांनी सांगितले की, आपल्याला शुगर आहे, म्हणून चालावे लागते.

इंदापूर-बारामतीकडे साखरेविषयी बोलताना माणसाने जपून बोलावे. ऐकणारा शेतकरी कारखान्याचा सभासद होता. तो म्हणाला, “आमी वर्षभर ऊस घालतो, तवा कुठं सणाला कार्डावर साखर मिळती. तुमाला घरबसल्या अंगात मिळाली.” त्याच्या आवाजात सहानुभूती होती, तशी थोडी असूयाही होती.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात कारल्यांची पाटी आली. तिसऱ्या दिवशी जांभळाच्या बियांची पूड आली. चहावाल्याने न विचारता साखर बंद केली आणि हॉटेलवाल्याने गुलाबजामाच्या काचेला डॉक्टरांच्या बाजूने वर्तमानपत्र चिकटवले. ज्याच्या स्वतःच्या अंगात बिघाड, तो आपले दात काय बघणार, असा विचार करून उरलेले रुग्णही अकलूजला जाऊ लागले. बातमी पहिल्या एसटीने लोणी भापकरला पोचली आणि दुसऱ्या एसटीने अक्काबाई इंदापुरात आल्या. त्यांनी आल्या आल्या कडुलिंबाचा पाला वाटून रस काढला. आपल्याला काहीही झालेले नाही, हे डॉक्टरांनी आईला पुनःपुन्हा सांगितले. आजारी माणसे असेच म्हणतात, असे सांगून त्यांनी मुलाला तो रस पाजला.

इथवर सगळे सोसण्यासारखे होते. पण त्याच सुमारास बारामतीला डॉक्टरांचे लग्न ठरत आले होते. मुलीचे नाव प्रियदर्शनी. ती तिथल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवायची. ती पोहे घेऊन आली तेव्हा डॉक्टरांनी सवयीने प्रथम तिचे दात पाहिले, मग ती हसली, मग त्यांनी ती हसलेली पाहिली. त्यानंतर त्यांना पुण्यातल्या कोणत्याही गोष्टीची आठवण आली नाही. फक्त मुलीच्या वडिलांचा होकार यायचा होता. आणि मुलीचे वडील, कुंडलिकराव, चौकशीला इंदापुरात उतरले.

चौकशीत त्यांना दोन गोष्टी कळल्या. मुलाला साखर आहे आणि मुलगा फिरतो. यातली दुसरी गोष्ट सांगताना सांगणारे आवाज खाली आणत. ‘मुलगा फिरतो’ हे वाक्य स्थळाच्या बाबतीत कसेही उच्चारले तरी चांगले दिसत नाही.

कुंडलिकराव एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले होते. ते दवाखान्यात आले, रुग्णाच्या खुर्चीवर ताठ बसले आणि त्यांनी सरळच विचारले.

“शुगर हाय म्हणं?”

“नाही,” डॉक्टर म्हणाले. “लोकांना काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं.”

“मग फिरता कशापायी?”

“मला आवडतं.”

कुंडलिकरावांनी शेजारचे चूळ टाकायचे भांडे वाकून तपासले. “शुगर असती तर गोळी हुती,” ते म्हणाले. “ह्याच्यावर काय हाय?”

कुंडलिकरावांनी मग आपली अडचण सांगितली. तीत राग अजिबात नव्हता. “मी नोकरीभर एकच प्रश्न इचारला. कुठं जायाचं? ज्याला कुठं जायाचं न्हाय, त्याला तिकीट देता येत न्हाय. पोरगी कशी देऊ?”

फिरण्याचे काहीतरी रीतसर कारण दाखवा, मग बघू, असे सांगून ते बारामतीच्या गाडीत बसले.

रविवारी डॉक्टर बारामतीला गेले. कुंडलिकराव बाजाराला गेले होते. प्रियदर्शनीच्या आईने दोघांना गच्चीवर बोलायला पाठवले आणि स्वतः जिन्यात गहू निवडायला बसली. डॉक्टरांनी प्रियदर्शनीला सगळी हकीकत सांगितली. दिवसभर वीतभर अंतरावरून लोकांच्या तोंडात बघणाऱ्या माणसाला संध्याकाळी काहीतरी लांबचे बघावेसे वाटते, एवढेच त्यांचे म्हणणे होते. हे त्यांनी आजवर कोणाला सांगितले नव्हते, कारण कोणी त्यांना वाक्य पुरे करू दिले नव्हते.

प्रियदर्शनीने ते पुरे होऊ दिले. मग ती म्हणाली, “कारण द्यावंच लागतं हो. मी रोज संध्याकाळी इथं येऊन बसते. काही करत नाही, नुसती बसते. घरी सांगते, कुरडया राखते.”

“पावसाळ्यात?”

“पावसाळ्यात सांगते, कुरडया राहिल्या का बघून येते.”

डॉक्टर त्या संध्याकाळी इंदापूरला परतले ते काहीही करून कारण मिळवायचेच, असे ठरवून. माणूस असे काही ठरवतो तेव्हा तालुक्यात कोणीतरी त्याच्यासाठी तयारच असते. इथे हिंदुराव आबा होते.

हिंदुराव आबा त्या काळात माजी होते. ते एका कारखान्याचे माजी संचालक, एका दूध संस्थेचे माजी उपाध्यक्ष आणि एका मजूर सोसायटीचे माजी चेअरमन होते. एकामागून एक निवडणुका गेल्यामुळे त्यांच्यापाशी चालू असे काही उरले नव्हते. जीप होती, पण तीही उताराला चालू होई. लोक अजून त्यांना वाटेत नमस्कार करत, मात्र आता करताना थांबत नसत. हे आबांच्या मनाला लागले होते. रात्री झोपेत ते ‘विषय क्रमांक एक’ असे पुटपुटत, आणि शेजारून ‘मंजूर’ असा आवाज न आल्याने दचकून जागे होत.

त्यांनी पुलापाशी जीप थांबवली आणि डॉक्टरांना आत घेतले. डॉक्टरांनी रीतसर कारणाची आपली गरज सांगितली. आबांनी शांतपणे ऐकून घेतले.

“डॉक्टर, एकट्यानं चालणं म्हंजे एकट्यानं गूळ पाडणं. भाव मिळत न्हाय. सहकार पायजे.”

संस्था झाली की कोणी विचारले तरी ‘संस्थेच्या कामाने निघालो’ असे सांगता येते आणि त्यावर तालुक्यात पुढचा प्रश्न विचारत नाहीत, हे आबांनी अनुभवावरून सांगितले. डॉक्टरांना कुंडलिकरावांचा चेहरा दिसला, त्यामागे गच्ची दिसली, आणि त्यांनी होकार दिला.

अशा रीतीने ‘भीमा-नीरा पादचारी सहकारी संस्था मर्यादित’ हिची जुळवाजुळव सुरू झाली. सभासद मिळतील का, ही डॉक्टरांची शंका निराधार ठरली. चालायला कोणी तयार नव्हते, पण सभासद व्हायला सगळे तयार होते. चालावे लागेल का, असे एकदोघांनी विचारले. तसे बंधन नाही, दूध संस्थेचे सभासद तरी कुठे दूध देतात, असे आबांनी समजावल्यावर त्यांनी आपल्या घरच्यांचीही नावे घातली.

खरी अडचण मंजुरीच्या कचेरीत आली. तिथले साहेब मनमिळाऊ होते आणि त्यांना अडवायचे नव्हते. त्यांना फक्त माल कुठे आहे ते कळत नव्हते. दूध डेअरीत येते, ऊस काट्यावर येतो. चालणे कुठे येणार, आणि आले तर मोजणार कसे, असे त्यांनी विचारले. डॉक्टर म्हणाले की, चालण्याने काही निर्माण होत नाही, तेच त्यातले सुख आहे. साहेबांनी पेन खाली ठेवले. आबांनी डॉक्टरांना बाहेर चहा प्यायला पाठवले. डॉक्टर परत आले तेव्हा प्रश्न सुटलेला होता. सभासदाचे चालण्यापूर्वी एक वजन करायचे आणि चालून आल्यावर एक. दोन्हींतला फरक म्हणजे घट. घट हाच संस्थेचा माल. आजवर सर्व संस्थांत घट लपवावी लागे, ही पहिलीच संस्था घट उजळ माथ्याने दाखवील, हे ऐकून साहेबांनी आनंदाने सही केली.

घट मोजण्यासाठी उसाचा वजनकाटा ठरला. काट्यावर ट्रॅक्टर-ट्रॉलीतून सभासद आणले गेले, उतरवले गेले, काट्यामागच्या लिंबापर्यंत चालवून परत आणले गेले. मधल्या वेळात संस्थेकडून भजी आणि चहा झाल्याने परतीचे वजन थोडे वाढलेच. संस्थेला पहिल्याच दिवशी तोटा आला. साहेबांनी निरोप पाठवला की, पहिल्या वर्षी तोटा येणे हे संस्था निकोप असल्याचे लक्षण आहे.

तिकडे कुंडलिकरावांनी संस्थेचे लेटरहेड पाहिले. त्यावर ‘संस्थापक : डॉ. बुद्धघोष रा. साबळे’ असे ठळक छापले होते. ते त्यांनी उलटसुलट करून बघितले, तिकीट बघावे तसे, आणि होकार दिला. डॉक्टरांना त्या दिवशी इतका आनंद झाला की ते संध्याकाळी पुलापर्यंत जायला निघाले. परंतु रस्त्यावर जागा नव्हती. संस्थेची निवडणूक लागली होती.

निवडणूक बिनविरोध व्हावी अशी सर्वांची इच्छा होती, म्हणूनच दोन पॅनेल झाली. आबांच्या विरोधात गेणबा तात्या उभे राहिले. तेही माजीच होते. माणसाने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालावे, असे आबांचे धोरण होते, म्हणून तात्यांनी उजवी बाजू घेतली. प्रचाराच्या जीपगाड्या दोन्ही बाजूंनी आणि मधूनही धावू लागल्या. ‘चालणाऱ्यांचे हात बळकट करा’ अशी घोषणा रात्रंदिवस कर्ण्यावरून येई. धुळीमुळे पूल दिसेनासा झाला. एका संध्याकाळी डॉक्टर कडेकडेने जात असताना दोन्ही पॅनेलच्या गाड्या त्यांच्यासाठी थांबल्या. डाव्या गाडीत बसावे तर उजवीकडचे रुसतील आणि उजव्या गाडीत बसावे तर डावीकडचे. डॉक्टर शेतात शिरले आणि उसातून वाट काढत घरी आले. उसाच्या पात्यांनी त्यांचे हात चिरले होते.

आबा निवडून आले. मिरवणूक गावभर फिरली आणि आबा चालत्या गाडीतून दोन्ही हातांनी नमस्कार करत होते. आता लोक नमस्कार करताना थांबत होते. चेअरमन झाल्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांना झोप शांत लागली, असे त्यांच्या घरून कळते.

चेअरमन झालेला माणूस बांधकाम काढतो. संस्थेच्या कार्यालयासाठी प्रशस्त, हवेशीर आणि चालण्याला अनुकूल अशी जागा शोधण्यात आली, आणि ती ओढ्याच्या पुलापाशी सापडली. डॉक्टर जिथे उभे राहून माळाकडे बघत, तिथे कार्यालयाची भिंत आली. भिंतीवर माळाचे चित्र काढून घेतले, तेव्हा डॉक्टरांनी तक्रार करू नये असे आबांचे मत पडले. चित्रात उगवता सूर्य जादा होता.

डॉक्टरांनी तक्रार केली नाही. ते वाट बदलून अकलूजच्या रस्त्याला फिरू लागले. इथे त्यांच्या हातून गंभीर गुन्हा घडला.

ज्यांना साखर फक्त चहात भेटते, अशा वाचकांसाठी झोनबंदी म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. ज्या कारखान्याच्या हद्दीत ऊस उगवला, त्याच कारखान्याला तो घालायचा, दुसरीकडे न्यायचा नाही, असा त्या काळी कायदा होता. उसाला तो कायदा लागू, तर पायांना का नको, असा प्रश्न संचालक मंडळाच्या बैठकीत निघाला. संस्थेचे कार्यक्षेत्र नरसिंहपूरच्या रस्त्याला होते. संस्थापकांनीच आपले चालणे अकलूजच्या रस्त्याला घातले, तर उद्या सामान्य सभासदांनी कोणाकडे बघायचे? पायांची झोनबंदी एकमताने मंजूर झाली. हद्दीबाहेर चालणाऱ्याचे सभासदत्व रद्द करण्याचा विषय सर्वसाधारण सभेपुढे ठेवण्याचे ठरले.

सभेची तारीख लग्नाच्या आधीची होती. कुंडलिकराव मुलीला घेऊन सभेला आले. जावई संस्थापक राहतो की नाही, हे त्यांना डोळ्यांनी बघायचे होते. प्रियदर्शनीने आदल्या दिवशी डॉक्टरांना फोन करून सांगितले होते की, तुम्ही फक्त त्यांना एकदा खरे काय ते बोला, गच्चीवर माझ्याशी बोललात तसे. डॉक्टरांनी रात्रभर बसून भाषण तयार केले.

सभेसाठी मांडव पडला होता. जीपगाड्या माळापर्यंत लागल्या होत्या. आबांनी विषय क्रमांक एक वाचला. “मंजूर,” सभा म्हणाली. दोन वाचला. मंजूर. अहवाल, ताळेबंद, घट, भज्यांचा खर्च, सगळे मंजूर झाले. सभेला एक लय सापडली होती. प्रत्येक वाक्यानंतर हात वर जात होते आणि खाली येत होते, आणि त्या हालचालीने मांडवात थोडी हवाही खेळत होती.

डॉक्टर बोलायला उभे राहिले. त्यांनी भाषण बाजूला ठेवले आणि एकच प्रश्न विचारला.

“आज इथं चालत कोण आलंय?”

“मंजूर,” सभा म्हणाली.

हात वर गेले. सचिवांनी इतिवृत्तात लिहून घेतले. सर्व सभासद चालत आल्याचे एकमताने ठरले. डॉक्टरांनी पुन्हा सांगण्याचा प्रयत्न केला की, हा ठराव नव्हता, हा प्रश्न होता. तेही मंजूर झाले. मग ते म्हणाले की, मला फक्त संध्याकाळी थोडे लांबचे बघायचे होते. मंजूर. आबांनी त्यांचे आभार मानले, ते मंजूर झाले, आणि लगेच शेवटचा विषय वाचला. हद्दीबाहेर चालल्याबद्दल डॉ. साबळे यांचे सभासदत्व आजपासून रद्द करण्यात यावे.

“मंजूर,” सभा म्हणाली आणि हात वर गेले. त्यातला एक हात डॉक्टरांचा होता.

तो कसा वर गेला हे डॉक्टरांना आजही सांगता येत नाही. आजूबाजूचे सगळे हात वर गेले, तसा तोही गेला. त्यांनी वर पाहिले, तर तिथे त्यांची बोटे होती. प्रियदर्शनीने मांडवाच्या टोकाकडून ती पाहिली. तिने पदर तोंडावर धरला. ती रडते आहे असे कुंडलिकरावांना वाटले. डॉक्टरांना मात्र तिचे दात दिसले.

लग्न मोडले, असे डॉक्टरांनी त्या रात्री गृहीत धरले. पण सकाळी कुंडलिकराव स्वतः दवाखान्यात आले. त्यांनी रात्रभर विचार केला होता. मुलगा ‘असंच’ फिरत होता तेव्हा तो कोणीच नव्हता. आता तो माजी संस्थापक होता. या दोन तालुक्यांत माजी असणे ही लहान गोष्ट नव्हे, माजी माणसाला लग्नात पुढच्या रांगेत बसवतात, पंगतीला हाताला धरून नेतात. शिवाय माजी माणूस पुन्हा कधी आजी होईल याचा नेम नसतो.

लग्न ठरल्याप्रमाणे लोणी भापकरला झाले. आबांनी आहेर पाठवला. गेणबा तात्या जातीने आले आणि पुढच्या निवडणुकीला आमच्याकडून उभे राहा, असे जेवताना डॉक्टरांच्या कानात सांगून गेले. ही गोष्ट डॉक्टरांनी जिलबीबरोबर गिळून टाकली, पण शेजारच्या चौघांनी ती ऐकली होती. सायंकाळपर्यंत इंदापुरात नक्की झाले की, डॉक्टर विरोधात गेले.

लग्नानंतर पहिल्या सोमवारी डॉक्टर आणि प्रियदर्शनी फिरायला निघाले. डॉक्टर सवयीने रस्त्याच्या कडेला सरकून चालत होते, कोणती गाडी आधी थांबते याची वाट बघत. पहिली मोटारसायकल जवळ आली, तिने वेग वाढवला आणि निघून गेली. दुसरीने लांबूनच दिवा बंद केला. ट्रॅक्टरवाला उगाच विरुद्ध बाजूला उसाकडे बघत गेला. विरोधातल्या माणसाला गाडीवर घेतलेले चेअरमनच्या कानावर गेले, तर काय घ्या, म्हणून कोणी थांबेना. विचारपूस करायलाही कोणी धजेना. पहिल्यांदाच तो सगळा रस्ता डॉक्टरांचा होता. पायाखाली खडी वाजत होती, ती त्यांना ऐकू आली. प्रियदर्शनी म्हणाली, थोडे हळू चाला, मला बघायचे आहे. काय बघायचे आहे, असे डॉक्टरांनी विचारले नाही.

दवाखान्याचेही बरे झाले. गाडीवर दात दाखवायची सोय बंद झाल्याने लोकांना खुर्चीवर येणे भाग पडले. आबांची दाढ दुखू लागली तेव्हा तेही आले, पण अंधार पडल्यावर, डोक्यावरून शाल घेऊन.

संस्था अजून आहे. तिची घट दरवर्षी वाढते आहे आणि तिला एका समारंभात ढालही मिळाली.

त्या संध्याकाळी डॉक्टर आणि प्रियदर्शनी शेवटी कुठे पोचले, हे सांगायचे राहिले, असे काही वाचकांना वाटत असेल. ते कुठेही पोचले नाहीत. काळोख पडू लागला तसे घरी आले आणि त्यांनी पिठलं-भाकरी केली. एवढे सगळे वाचून शेवटी हाती काय लागले, असा प्रश्न ज्यांच्या मनात या क्षणी उभा आहे, त्यांनी संकोच करू नये. अशा माणसांची संस्थेला कायमच गरज असते. संचालक मंडळात सध्या एक जागा रिकामी आहे. येताना गाडीने यावे.